मजुरीऐवजी जेवण

सू कॉपर्ड लंडनमध्ये सेक्रेटरी होत्या. शनिवार-रविवारी शहराबाहेर पडावं, शेतात काही काम करावं असं त्यांना वाटे, पण त्यासाठी ओळखीचा शेतकरी कुठून आणायचा? १९७१ मध्ये त्यांनी ससेक्समधल्या एमर्सन कॉलेजच्या बायोडायनॅमिक, म्हणजे एका प्रकारच्या सेंद्रिय, शेतीवर सुट्टीतल्या कामाचा बेत जमवला. पाहुण्यांनी राबायचं आणि शेतकऱ्यानं राहण्या-जेवण्याची सोय करायची. पहिल्या खेपेला चार जण गेले. त्यातून उभी राहिलेली ‘वूफ’ ही सेंद्रिय शेतांवर काम करण्याची चळवळ आज शंभराहून अधिक देशांत पसरली आहे. प्रत्येक देशातली संघटना वेगळी. वर्गणी भरली की यजमान शेतकऱ्यांची यादी मिळते. पूर्वी ती छापील पुस्तिका असे, आता वेबसाइटवर असते.

व्यवहार साधा आहे. दिवसाला चार ते सहा तास काम, बदल्यात अंथरूण आणि जेवण. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत.

अशा राबणाऱ्या पाहुण्यांची गरज सेंद्रिय शेतकऱ्यालाच जास्त का पडली, याचं उत्तर तणात आहे. गाजराचं बी उगवायला दोन-तीन आठवडेही घेतं, तोवर तण वाफा व्यापून बसतं. तणनाशक वापरायचं नाही म्हटलं की गुडघे टेकून खुरपत बसण्यावाचून इलाज नसतो. त्यासाठी माणसं लागतात आणि छोट्या शेतकऱ्याला तितकी मजुरी परवडत नाही. आपल्याकडच्या इर्जिकेतही, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून एकाच्या रानातलं काम उरकून देण्याच्या प्रथेतही, मजुरीऐवजी जेवणच असायचं. पण इर्जिकेत आज माझ्या रानात आलेल्याच्या रानात उद्या मी जाणार, हे ठरलेलं असे. वूफचा पाहुणा पुन्हा दिसण्याची खात्री नाही, म्हणून त्याचं देणं तिथल्या तिथेच फेडायला हवं. जेवणानं ते पुरतं फिटत नाही, काहीतरी शिकवावं लागतं.

आणि शिकायला असतंही भरपूर. खताचा ढीगच घ्या. स्वयंपाकघरातला ओला कचरा, शेण आणि पेंढा यांचं प्रमाण जमलं, हवा खेळती राहिली, तर ढिगाचं पोट पंचावन्न ते पासष्ट अंशांपर्यंत तापतं आणि तणाचं बरंचसं बी त्यात मरतं. पेंढा कमी पडला की दुर्गंधी सुटते. हे पुस्तकात वाचलेलं असतंच, पण नाकाला कळलेलं लवकर विसरत नाही. अनेक ठिकाणी संडास कोरडा असतो, पाण्याऐवजी भुसा टाकायचा. शहरातून आलेल्या तरुणाची खरी परीक्षा तिथे होते, आणि मला तरी टिकाऊ जीवनशैलीवरच्या दहा व्याख्यानांपेक्षा ती उपयोगाची वाटते.

पाण्याची एक बादली कशी वाचवावी हे शिकायला विमानानं दहा हजार किलोमीटर उडून जायचं, यातला विनोद मात्र लपत नाही. मूळ कल्पना शहराजवळच्या शेताची होती, आणि ती आजही जास्त शहाणपणाची आहे.

पैशाचा संबंध नसणं हे वूफचं बळ आणि दुखणंही तेच. फुकट राबणारी मुलं मिळतात म्हटल्यावर शिकवण्याचा भाग गाळून नुसता राबवून घेणारा यजमान निघणारच. ऑस्ट्रेलियात वर्किंग हॉलिडे व्हिसाचं दुसरं वर्ष मिळवण्यासाठी ग्रामीण भागात ठरावीक दिवस काम केल्याचा दाखला लागतो. त्यात पूर्वी वूफचे दिवसही धरले जात. फसवणूक आणि पिळवणूक रोखण्यासाठी २०१५ मध्ये सरकारनं ते बंद केलं आणि पगाराचा पुरावा मागायला सुरुवात केली. न्यूझीलंडसारखे देश तर राहण्या-जेवण्याच्या बदल्यातलं कामही नोकरीच मानतात, पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. विमानतळावर गोत्यात येण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

भारतीय तरुणांसाठी ऑस्ट्रेलियाचा याच धर्तीचा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा २०२४ मध्ये खुला झाला. वयाची अट अठरा ते तीस, वर्षाला हजार जागा, निवड सोडतीनं. सोडतीत नाव न आल्यास वूफच्या यादीत भारतातलेही यजमान आहेत. कुठेही जा, पण होकार कळवण्याआधी रोजचे तास किती, सुट्टी कोणत्या दिवशी, झोपायचं कुठे आणि यजमान स्वतः सोबत काम करतो का, एवढं लेखी विचारून घ्यावं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टाळणाऱ्याकडे जाऊ नये.