बीजाला पाणी किती?

वालाचे बिरडे करावयाचे म्हणजे गृहिणीला दोन दिवस आधी सावध व्हावे लागते. रात्री वाल भिजत घालावयाचे, सकाळी ते पाणी ओतून टाकावयाचे आणि वाल ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवावयाचे. आता आम्ही विचारतो, पाणी ओतून का टाकावयाचे? बीज पाण्याने उगवते ना? मग पाण्यातच राहू दिले तर मोड लवकर यावयास हवेत. ते येत नाहीत. येतो तो वास.

सुक्या दाण्यात पाणी असते शेकडा दहाच्या आसपास. भिजला की त्याचे वजन जवळजवळ दुपटीने वाढते. पण हे फुगणे म्हणजे जीव धरणे नव्हे. मेलेला दाणाही असाच फुगतो. उलट गणंग दाणा मुळीच फुगत नाही, तरी तो जिवंत असतो. त्याची साल पाणी आत घेत नाही, एवढेच. ती दगडावर थोडी घासली की तोही भिजतो. स्वयंपाकघरात आपण त्याला नावे ठेवतो, वेलाच्या दृष्टीने ती पुढच्या सालची शिल्लक असते!

फुगल्यानंतर आतला अंकुर जागा होतो आणि श्वास घेऊ लागतो. येथून पुढे त्याला पाण्याइतकीच हवा लागते. पाण्यात प्राणवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. बुडालेला दाणा म्हणून गुदमरतो, आंबतो. फडक्यात ओलही असते, हवाही असते.

हेच गणित शेतात आले की पैशाचे होते. मराठवाडा-विदर्भात आज सोयाबीन पुष्कळ पेरतात. तेही शेंगवर्गातलेच, पण सालीने फार नाजूक. जूनमध्ये एक सर येते, दाणा फुगतो. मूळ बाहेर पडण्यापूर्वी तो सुकला तर पुढच्या पावसाची वाट बहुधा पाहू शकतो. मूळ फुटल्यावर मात्र त्याला माघार नाही. तेव्हा ओल तुटली की तो मेलाच, आणि शेतकऱ्याच्या कपाळी दुबार पेरणी येते. म्हणजे अर्धवट पाऊस हा कधी कधी न आलेल्या पावसाहून वाईट. उन्हाळाभर तापलेली खालची माती वरची ओल ओढून घेते, वरून ऊन पिते. यास्तव ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नये, असे कृषी खाते सांगते. शेतकरी उतावळा, असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. शेजारची पाभर चालू असताना आपली बांधावर उभी ठेवणे सोपे नाही.

अतिवृष्टीचीही गत तीच. मातीच्या पोकळ्यांतील हवा निघून जाते, आणि मागाहून ऊन पडले की वर टणक पापुद्रा धरतो. हरभरा आपल्या डाळिंब्या जमिनीतच ठेवून नुसता कोंब वर पाठवतो. सोयाबीनला मात्र वाकलेल्या मानेवर दोन्ही डाळिंब्या उचलून वर यावे लागते, आणि पापुद्र्याखाली ती मानच मोडते.

घरचे बियाणे पेरण्यापूर्वी शंभर दाणे गोणपाटावर मांडून, गुंडाळून, सावलीत ठेवावेत. आठवडाभरात सत्तर उगवले तर बियाणे चांगले. कमी उगवले तर पेरताना प्रमाण वाढवावे. मात्र गोणपाट ओले असावे, ठिबकते नसावे.