हुकूमनामा म्हणजे वसुली नव्हे

तिजोरीत ठेवलेला न्यायालयाचा हुकूमनामा म्हणजे रोकड नव्हे, हा धडा वडोदऱ्यास धान्याचा घाऊक व्यापार करीत असता आम्ही नुकसान सोसून शिकलो. सभासद बंधूंच्या उपयोगी पडावा म्हणून तो येथे मांडीत आहोत.

एका किरकोळ दुकानदाराकडे गव्हाची बाकी थकली. लघुवाद न्यायालयात दावा लावला. निकाल आमच्या बाजूने झाला. पुढे तो गृहस्थ दर दिवाळीस थोडी रक्कम आणून देई व आम्ही ती जमा करून पावती देत असू. भल्या माणसाच्या दारी जप्ती कशास न्यावी, असे वाटे. एका दिवाळीस तो आलाच नाही. वकिलांकडे गेलो, तेव्हा निकालास बारा वर्षे उलटून गेली होती.

आमची चूक अशी झाली. खात्याच्या बाकीस तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी बाकी कबूल केल्यास मुदत नव्याने सुरू होते. हुकूमनाम्यास ही सवलत नाही. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे बजावणीची दरखास्त बारा वर्षांच्या आत दिली पाहिजे. मधल्या जमा रकमांनी ती मुदत वाढत नाही.

म्हणून निकाल लागताच नक्कल घेऊन दरखास्त द्यावी. ऋणकोची मालमत्ता ठाऊक नसल्यास न्यायालय ती त्याच्याकडून शपथेवर वदवून घेऊ शकते. घर अथवा जमीन जप्त करणे लघुवाद न्यायालयाच्या अधिकारात नाही. त्यासाठी हुकूमनामा दिवाणी न्यायालयाकडे वर्ग करून घ्यावा. नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी व कारागिराची हत्यारे यांस कायद्यानेच अभय दिले आहे, आणि ते योग्यच आहे. परभारे मिळालेली रक्कमही न्यायालयात नोंदवावी, म्हणजे पुढे वाद उरत नाही.

एकतर्फी निकाल रद्द करून घेण्यास प्रतिवादी पुढे आला, तरी गांगरू नये. आमच्याकडे लागू असलेल्या १८८७ च्या प्रांतिक लघुवाद न्यायालय कायद्याप्रमाणे त्यास हुकूमनाम्याची रक्कम भरावी लागते किंवा न्यायालय सांगेल ते तारण द्यावे लागते. समन्स रीतसर बजावल्याचा दाखला व मालाची सहीची चिठ्ठी आपण जपून ठेवावी.

ऋणकोस सवड जरूर द्यावी, परंतु दरखास्त दाखल करूनच द्यावी. आम्ही आता नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर प्रत्येक हुकूमनाम्याची अखेरची तारीख दर दिवाळीस लिहितो.