समुपदेशकाची खोली : गुपित कुठवर राखायचं?

मुलं समुपदेशकापर्यंत कशी पोचतात ते मागच्या आठवड्यात पाहिलं. कुणाला वर्गशिक्षक पाठवतात, कुणाला मैत्रीण हाताला धरून आणते, कुणी मधल्या सुट्टीत दारावरून दोन-तीन चकरा मारून एकदाचं आत येतं. पण आत आलं म्हणजे मूल बोलायला लागतं असं नाही. डोकं दुखतं म्हणतं, बीजगणित जमत नाही म्हणतं, आणि मधूनमधून आपल्या चेहऱ्याकडे बघत अंदाज घेतं. यांना सांगितलेलं मुख्याध्यापकांच्या कानावर जाईल का? स्टाफरूममध्ये बभ्रा होईल का? आणि सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे घरी कळेल का?

या धास्तीला आपण काय उत्तर देतो, यावर माध्यमिक शाळेतल्या समुपदेशकाचं पुढचं सगळं काम उभं राहतं किंवा कोसळतं. कलचाचण्या, परीक्षेच्या ताणावरची व्याख्यानं, दहावीनंतर काय याचं मार्गदर्शन, हे सगळं गरजेचं आहे. पण ते इतर कुणीही करू शकतं. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट सांभाळणं आणि ती सांभाळता येत नसेल तेव्हा ती योग्य माणसापर्यंत योग्य रीतीने नेणं, हे आमचं काम.

नवखे समुपदेशक पटकन म्हणून जातात, "बाळा, मी कुणालाही सांगणार नाही." हे वचन कधीच देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. पहिल्या भेटीत, मुलाने काही सांगण्याच्या आधी, मी साधारण असं बोलते : "तू इथे जे बोलशील ते माझ्यापाशी राहील. सरांना, बाईंना, आईबाबांना मी आपणहून काही सांगणार नाही. पण तीन गोष्टी मला पोटात ठेवता येत नाहीत. तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाला इजा होईल असं वाटलं, किंवा कुणी तुला त्रास देतंय, मारतंय, नको तसा हात लावतंय असं कळलं, तर मला आणखी कुणाची तरी मदत घ्यावीच लागेल. ती घेण्याआधी मी तुला सांगेन." आठवीतल्या मुलालाही हे नीट कळतं. काही जण हे ऐकून उठून जातात. त्यांना जाऊ द्यावं, खनपटीला बसू नये. पुष्कळजण परत येतात, आणि येतात ते आपण कशात पाऊल टाकतोय हे समजून येतात. सगळं सांगून झाल्यावर मुलाला अटी ऐकवणं ही मात्र फसवणूक आहे, आणि असं फसलेलं मूल पुढे कित्येक वर्षं कुठल्याच मोठ्या माणसापाशी तोंड उघडत नाही.

आता एक उदाहरण जवळून पाहू. ही एकच मुलगी नाही. अनेकींच्या गोष्टींतून ती घडवली आहे, त्यामुळे ओळखू येण्याचा प्रश्न नाही. नववीतली, अभ्यासात बरी, गेले काही दिवस उकाड्यातही लांब बाह्यांचा स्वेटर घालून येणारी. खेळाच्या तासाला स्वेटर काढायला नकार दिला म्हणून शिक्षिकांनी माझ्याकडे पाठवलेली. दुसऱ्या भेटीत तिने स्वतःच डावी बाही वर सरकवली. मनगटापासून कोपराच्या अर्ध्या वाटेपर्यंत बारीक, सरळ, जवळजवळ समांतर ओरखडे होते. काही जुने आणि पांढरे पडलेले, दोन ताजे. कंपासपेटीतल्या कर्कटकाने केलेले.

अशा वेळी मोठ्यांचा पहिला उद्गार असतो, "अगं, हे काय केलंस?" तो गिळावा लागतो. मी विचारलं, "हे केल्यावर कसं वाटतं?" ती म्हणाली, "थोडा वेळ डोकं शांत होतं, मॅडम." हे उत्तर फार मुलं देतात. स्वतःला इजा करणारं प्रत्येक मूल मरायला निघालेलं नसतं. असह्य झालेल्या भावनेवर त्याला सापडलेला तो एक वाईट उतारा असतो. पण म्हणून पुढचा प्रश्न टाळायचा नाही : "जगूच नये असं कधी वाटतं का?" असं विचारलं तर मुलाच्या डोक्यात नसलेला विचार येईल, ही भीती शिक्षकांत आणि पालकांत खोलवर बसलेली आहे. ती खरी नाही. सरळ विचारल्याने तो विचार पेरला जात नाही. उलट, इतके दिवस एकट्याने वागवलेली गोष्ट बोलता आली म्हणून मूल बहुतेक वेळा सुटकेचा श्वास टाकतं. होकार आला तर आणखी विचारावं लागतं. कसं करायचं ते ठरवलं आहेस का, लागणारं काही हाताशी आहे का, कधीचा विचार आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदलेल्या आहेत, आणि त्यांत सर्वांत जास्त, १,७६४, महाराष्ट्रातल्या. हे आकडे माहीत असताना संकोचापायी प्रश्न न विचारणं मला अक्षम्य वाटतं.

या मुलीने सांगितलं की दोनदा तसं वाटलं होतं, आणि घरात उंदराचं औषध कुठे असतं ते तिला माहीत होतं. म्हणजे पहिली अट लागू झाली. घरी सांगणं भाग होतं. आणि इथे आमच्या कामातली सगळ्यात बारीक कारागिरी लागते, कारण घरी धोका सांगायचा असतो, गोष्ट सांगायची नसते. तिच्या दुःखामागे काय होतं, कुणाचा मेसेज, कुणाशी झालेली तुलना, रात्रीची कोणती भांडणं, ते तिचं होतं. आईला कळायला हवं होतं ते एवढंच की मुलगी फार त्रासात आहे, स्वतःला इजा करते आहे, आणि पुढचे काही आठवडे तिला एकटं सोडायचं नाही. आम्ही दोघींनी मिळून वाक्यं ठरवली. कुणी बोलायचं, ती खोलीत थांबणार की बाहेर, बाबांना आजच सांगायचं की आईने नंतर, हे सगळं तिला विचारून. सांगायचं की नाही हे मात्र तिच्या हातात नव्हतं, आणि ते मी लपवलं नाही.

आई कामावरून तशीच आली. पहिलं वाक्य अपेक्षित होतं : "आम्ही हिला काय कमी केलं?" या वाक्यावर आईला उपदेश करणारे समुपदेशक मी पाहिले आहेत. ते बरोबर नाही. ती आई घाबरलेली असते. तिला त्या घटकेला हाताला काम द्यावं : घरातली औषधं, फिनेल, उंदराचं औषध आजच कुलुपात ठेवा, रात्री हिच्याजवळ झोपा, आठवड्याच्या आत सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्यावा. ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीतून बोलता येतं. "पोलीस केस होईल का?" हा प्रश्न बहुतेक पालक दबक्या आवाजात विचारतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७च्या कलम ११५नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा करायची नसते. हे पालकांना स्पष्ट शब्दांत सांगावं. या एका भीतीपोटी घरं गोष्टी दडपतात.

तिसऱ्या अटीच्या बाबतीत कायदा फार कडक आहे. बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२चा पॉक्सो कायदा, त्याचं कलम १९. अठरा वर्षांखालच्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तसा संशय आला, तर कळलेल्या प्रत्येक माणसाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं आहे. समुपदेशकाला यातून सूट नाही. न कळवल्यास कलम २१नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दलची गोष्ट दडवली तर एक वर्षापर्यंत. बदलापूरमधल्या एका शाळेतल्या अत्याचाराच्या ऑगस्ट २०२४च्या प्रकरणात शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही न कळवल्याबद्दल गुन्हा दाखल झाला, हे सगळ्या संस्थाचालकांनी लक्षात ठेवावं. "आधी आपण आपल्या पातळीवर चौकशी करू" हे वाक्य शाळेत ऐकू आलं की समुपदेशकाने ठामपणे नाही म्हणायचं. चौकशी आपलं काम नाही. मुलाने वापरले तेच शब्द, तारीख-वेळ घालून लिहून ठेवायचे आणि कळवायचं. तेच तेच खोदून विचारून मुलाला पुन्हा त्यातून जायला लावायचं नाही. पुढे काय होणार हेही मुलाला सांगावं, कारण त्याच्या डोळ्यांपुढे सिनेमातलं पोलीस ठाणं असतं. जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घेतला जातो, पोलीस साध्या कपड्यांत असावे लागतात, मुलाच्या विश्वासातलं माणूस सोबत असू शकतं, आणि मुलाला रात्री ठाण्यात थांबवून घेता येत नाही.

याच कलमाची दुसरी बाजू मला मनापासून त्रास देते. सतरा वर्षांची मुलगी येते आणि आपल्याच वयाच्या मुलाबद्दल, स्वतःच्या मर्जीने जुळलेल्या नात्याबद्दल, बोलू लागते. अठराखालची संमती कायदा मानत नाही. अशा नात्यांवर पडणाऱ्या खटल्यांबद्दल मुंबई उच्च न्यायालयासह अनेक न्यायालयांनी चिंता बोलून दाखवली आहे, पण कलम जागच्या जागी आहे. म्हणजे जिला माहितीची आणि आधाराची सर्वांत जास्त गरज आहे, तीच मुलगी आमच्यापासून तोंड लपवते. माझ्या मते कायद्यात इथे बदल व्हायलाच हवा. तोवर, अटी आधी सांगणं याहून प्रामाणिक मार्ग मला दिसत नाही. तिने काय सांगायचं आणि काय नाही, हे निदान तिच्या हातात राहतं.

आता शाळेच्या बाजूने येणारा दबाव. तो वाईट हेतूने येतो असं नाही. वर्गशिक्षिका जिन्यात थांबवून विचारते, "काय म्हणाला गं तो? घरचं काही आहे का?" तिला काळजी असते. तिला उत्तर द्यावं, पण उपयोगाचं : "काही दिवस त्याला वर्गात उभं करून प्रश्न विचारू नका, वही अपुरी असली तरी एकट्यात बोला." मुलाशी कसं वागायचं ते शिक्षिकेला कळलं, कारण कळलं नाही. मुख्याध्यापकांनाही भेटींची संख्या आणि विषयांचं स्वरूप द्यावं, नावं देऊ नयेत. नोंदींची वही कपाटात, कुलूप लावून, आणि किल्ली एकाच माणसाकडे. मुलाच्या शाळेच्या कायमस्वरूपी नोंदींत यातलं अक्षरही जाता कामा नये.

पण हे सगळं कागदावर ठीक. आपल्या बहुतेक अनुदानित मराठी शाळांत समुपदेशकाची स्वतंत्र जागाच नसते. प्रशिक्षण घेतलेल्या एखाद्या शिक्षकावर हे काम सोपवलं जातं. तो शिक्षक कितीही मायाळू असो, भाषेच्या तोंडी परीक्षेचे आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण त्याच्याच हातात असतात. ज्याच्या हातात माझे गुण, त्याला मी घरातलं दारूचं भांडण कसं सांगू? सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये सुकदेब साहा प्रकरणात देशातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यांत शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा असं म्हटलं आहे. नेमणूक होईलही. पण त्या माणसाला बदली तासांना पाठवलं, परीक्षेत पर्यवेक्षण दिलं आणि प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात पडदा लावून बसवलं, तर मुलं फिरकणार नाहीत. दार बंद होणारी, आतलं बोलणं बाहेर ऐकू न जाणारी खोली ही चैन नाही.

पालकांनी एक करावं. जूनमधल्या पालकसभेत शाळेला तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. समुपदेशक आठवड्यातले किती दिवस असतो, कुठे बसतो, आणि मुलाने सांगितलेलं कुणाकुणापर्यंत जातं. आणि मूल त्या खोलीतून घरी आल्यावर "काय काय विचारलं?" म्हणून उलटतपासणी घेऊ नये.

पुढच्या आठवड्यात पाहू वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलांचा प्रश्न : अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र, दहावीच्या परीक्षेत मिळणाऱ्या सवलती, आणि "आळशी आहे" हा शिक्का पुसायला लागणारा वेळ.