जुना संगणक : डागडुजी की नवी खरेदी?

केरीला आमच्या दुकानात 2016 साली 40,000 रुपयांना घेतलेला संगणक आहे. हल्ली तो फारच मंदावला आहे. बाबा म्हणतात, ‘‘एवढे पैसे घातलेत, टाकायचा कसा?’’ घरोघरचा हा प्रश्न वाणिज्यशाखेच्या विद्यार्थ्याने हिशेबाने सोडवावा.

प्रथम, झालेला खर्च निर्णयात धरू नये. आयकराच्या नियमांत संगणकावर घटत्या मूल्यपद्धतीने 40 टक्के घसारा धरतात. त्या दराने 10 वर्षांत 40,000 चे जेमतेम 242 रुपये उरतात. तेव्हा पाहायचे ते एवढेच, की यापुढे घातलेल्या रुपयाचे काय मिळेल?

मंदपणाचे मूळ पुष्कळदा फिरत्या हार्ड डिस्कमध्ये असते. तिच्या जागी एसएसडी बसवल्यास जुने यंत्रही चपळ होते, आणि उद्या नवा संगणक घेतला तरी तीच एसएसडी बहुधा त्यात चालते. हा खर्च वाया जात नाही.

परंतु विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तो हवा तर मदरबोर्डही बदलणे आले. तिथे डागडुजी संपते आणि खरेदी सुरू होते.

म्हणून माझे मत असे : दुकानाचे हिशेब आणि बँकेचे व्यवहार सुरक्षित राहावेत यासाठी नवी पेटी घ्यावी, पडदा व कळफलक जुनेच ठेवावेत. जुन्या पेटीत मोफत लिनक्स घालून ती धाकट्या बहिणीच्या अभ्यासाला द्यावी.