कुत्रा चावला, भरपाई कुणाकडून?

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बाजारपेठेत कुत्रा चावला तर आधी जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि सरकारी दवाखाना गाठा. भरपाईचा विचार नंतर. पण तिचा पाया दवाखान्यातल्या केसपेपरवरच उभा राहतो. लशीच्या नोंदी, औषधांची बिले, जखमेचे फोटो, बुडालेल्या मजुरीचा हिशेब सगळे जपा.

कुत्रा पाळीव असेल तर मालक जबाबदार. त्याने हयगय केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो दंड मात्र जखमीला मिळत नाही. भरपाईसाठी दिवाणी दावाच लावावा लागतो.

भटक्या कुत्र्याचे प्रकरण अवघड. निर्बीजीकरण आणि लसीकरण हे नगरपरिषदेचे काम, म्हणून तिला भरपाईचा लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने 2023 मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये भरपाई ठरवली. हा निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, तरी वकिलाने तो जरूर दाखवावा.

वकिलाची फी परवडत नसेल तर साताऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.