मींड घेणाऱ्या पट्ट्या

पेटीवर 'सा'वरून 'प'पर्यंत घसरत जाऊन पाहा. जमणार नाही. पट्टी दाबली की तिचा ठरलेला सूर वाजतो. दोन सुरांमधली वाट पेटीला ठाऊकच नसते. सतारिया तार ओढून मींड घेतो, तशी पेटीत सोय नाही. पेटीवर आणखी एक आक्षेप आहे, तो गणिताचा. 'सा'ची कंपनसंख्या २४० धरली, तर शुद्ध गंधार पाच चतुर्थांश पट, म्हणजे ३०० येतो. पण सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून लावलेल्या पेटीत तो ३०२.४ होतो. हे दोन सूर एकदम वाजवले, तर आवाज सेकंदाला अडीचेक वेळा कमीजास्त होत डोलतो. अशा आक्षेपांमुळेच आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीस वर्षे पेटीला दूर ठेवले होते.

आणि १९८२ साली मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी भैरव, तोडी, मालकंस असे दहा राग चक्क सिंथेसायझरवर, डिस्कोच्या ठेक्यात वाजवून त्यांची तबकडी काढली! पट्ट्या पेटीसारख्याच, मग मींडेचे काय?

सिंथेसायझरमध्ये सूर निर्माण करतो विद्युत दोलक. त्यांच्याजवळच्या टीबी-३०३ या छोट्या यंत्रात एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक चढतो. म्हणजे 'सा' ते 'प' हे सात अर्धस्वरांचे अंतर सुमारे ०.५८ व्होल्टचे. ही उडी एकदम न मारता रोधातून कंडेन्सरला दिली, तर तो हळूहळू भारित होतो आणि सूर घसरत वर जातो. हीच यंत्राची मींड!

अर्थात ती खरी मींड नव्हे. कंडेन्सर आधी भराभर आणि शेवटी रेंगाळत भरतो, दर वेळी त्याच वळणाने. सतारियाचे बोट मात्र हवे तिथे थबकते. गंधाराचा आक्षेपही तसाच उरतो. तरीही या तबकडीतला भैरव मला ओळखू येतो, आणि तो कंटाळवाणा मुळीच नाही.

तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या तरुणांनी याच टीबी-३०३ वर 'ॲसिड हाउस' नावाचे नृत्यसंगीत गाजवले. २०१० साली सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा दोन्हींतले साम्य ऐकून जाणकार चकित झाले. उतारवयात त्यांना परदेशातून कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.