शेवटच्या चार ओळी

चेन्नईहून बंगळूरच्या रस्त्याने सुमारे ४० किलोमीटर गेले की श्रीपेरुंबुदूर लागते. श्रीरामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून भाविकांना हे गाव शतकानुशतके परिचित आहे. आजच्या पिढीला ते ठाऊक आहे ते कारखान्यांमुळे. जवळच्या इरुंगाट्टुकोट्टै येथे १९९८ साली ह्युंदाईच्या मोटारी तयार होऊ लागल्या, आणि त्या सुमारापासून दूरदूरच्या प्रांतांतील माणसे नोकरीनिमित्त या भागात येऊन राहिली.

अशाच एका मराठी बिऱ्हाडाची आपण कल्पना करू. यजमान कारखान्यात, मुले शाळेत आणि गृहिणीच्या मांडीवर लोकरीचा गुंडा. श्रीपेरुंबुदूरला स्वेटर घालण्याजोगी थंडी कधी पडत नाही. पण नाशिकला तिच्या भावाच्या घरी ऐन पौषात पाळणा हलणार आहे. बारशाला बाळाचे नाव ठेवण्याचा मान आत्याचा. त्या दिवशी बाळाच्या अंगात आपल्या हातचे जाकीट असावे, एवढीच तिची इच्छा आहे.

क्रोशाचे रुमाल, तोरणे, टेबलावरची आच्छादने तिने पुष्कळ विणली आहेत. अंगात घालावयाचे वस्त्र मात्र हे पहिलेच. दीड महिना खपून पाठ, पुढचे दोन भाग आणि दोन बाह्या तयार झाल्या. आता पुस्तकातील शेवटच्या चार ओळी तेवढ्या उरल्या : ‘टोके आत घ्यावीत. सर्व भाग मापात ताणून वाळवावेत. खांदे जोडावेत, बाह्या बसवाव्यात, बाजू शिवाव्यात. कडेने समान अंतराने मुक्या खांबांची एक फेरी घालून बटणे लावावीत.’ पाठीसाठी दोन पाने आणि या साऱ्यासाठी चारच ओळी! येथेच पुष्कळ जाकिटे अडतात. कित्येक तर पिशवीतच राहतात, आणि ती बाहेर निघेपर्यंत बाळ त्यांत मावेनासे होते.

वाचक भगिनींनो, या चार ओळी थोडक्यात असतात त्या काम क्षुल्लक आहे म्हणून नव्हे. लिहिणाऱ्याला ते इतके अंगवळणी पडलेले असते की वाचणाराही ते जाणतो, असे तो गृहीत धरतो. रुमालाला फक्त कडा असतात. वस्त्राला खांदा, मुंढा आणि गळा असतो, आणि त्यांत एक हलणारा देह असतो. म्हणून रुमालात जो भाग शेवटचा हात फिरविण्यापुरता असतो, तो वस्त्रात निम्मे काम होऊन बसतो. मोटारीची दारे, चाके आणि यंत्र निरनिराळे तयार झाले तरी ते जोडून पारखले जाईपर्यंत ती मोटार नव्हे. जाकिटाचेही तसेच आहे.

जोडकामाचे मोल पाहावयाचे तर उदाहरण चेन्नईचेच आहे. ३१ जानेवारी २०१६ रोजी ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या समूहाने तेथे ११,१४८.५ चौरस मीटरचे क्रोशाचे पांघरूण पूर्ण केले आणि जागतिक विक्रमांच्या गिनेस पुस्तकात त्याची नोंद झाली. असंख्य हातांनी विणलेले तुकडे जोडले गेले, तेव्हाच त्यांचे पांघरूण झाले. आंध्रातील नरसापूर येथे एकोणिसाव्या शतकापासून क्रोशाच्या लेसचा धंदा चालत आला आहे. तेथे फुले विणणाऱ्या स्त्रिया वेगळ्या आणि ती जोडणाऱ्या वेगळ्या, अशी कामाची वाटणीच होती. मारिया मीस या जर्मन विदुषीने १९८२ साली या स्त्रियांवर पुस्तक लिहिले. बायकांचे हे श्रम ‘फावल्या वेळचा उद्योग’ म्हणून हिशेबातच धरले जात नाहीत, हे तिने त्यात दाखवून दिले. आपणही आपल्या हातकामाचा शेवटचा टप्पा हिशेबात धरीत नाही. म्हणून तो घाईत उरकला जातो.

तेव्हा पहिला नियम असा की, शेवटच्या ओळी सर्वांत आधी वाचाव्यात. त्या आधी वाचल्या म्हणजे आरंभी आणि शेवटी वीतभर दोरा का राखावयाचा, हे आपोआप कळते. तोच दोरा पुढे शिवणीला कामी येतो. ‘दोरा तोडून टाका बंद करावा’ याचा अर्थ दोरा टाक्यालगत कापावा असा नव्हे. वीतभर ठेवून कापावा आणि शेवटच्या फासातून ओढून घ्यावा. नवा गुंडा शक्यतो ओळीच्या कडेला जोडावा, म्हणजे टोके शिवणीत लपतात. ‘दुसरा भाग पहिल्यासारखाच, पण आकार उलट बाजूने’ असे लिहिलेले असेल तर डावा आणि उजवा भाग एकमेकांची आरशातली प्रतिमा व्हावयास हवेत. क्रोशाच्या ओळींत सुलट आणि उलट बाजू जवळजवळ सारखी दिसते. यासाठी प्रत्येक भागाच्या सुलट बाजूस रंगीत दोऱ्याची खूण बांधून ठेवावी.

परभाषेतील पुस्तक वापरीत असाल तर ते कोणत्या देशातले, हे पाहावे. आपण ज्याला मुका खांब म्हणतो त्याला अमेरिकेत ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात आणि इंग्लंडात ‘डबल क्रोशे’. अमेरिकेतील ‘डबल क्रोशे’ म्हणजे मात्र आपला पुरा खांब. एवढ्या गैरसमजाने कडेची पट्टी दुप्पट रुंद होऊ शकते.

आता त्या चार ओळी एकेक करून उलगडू.

‘टोके आत घ्यावीत’ : बोथट टोकाच्या, मोठ्या नेढ्याच्या सुईत दोरा ओवून तो उलट बाजूने टाक्यांच्या पोटातून दोन-तीन बोटे न्यावा आणि दिशा बदलून परत आणावा. मग कापड जरासे ताणून पाहावे व उरलेले टोक कापावे. गाठीवर विसंबू नये; ती धुण्यात सुटते, नाहीतर अंगाला टोचते.

‘मापात ताणून वाळवावेत’ : जाड पंचावर किंवा गोधडीवर प्रत्येक भाग पसरावा, पुस्तकातील मापाप्रमाणे न गंजणाऱ्या टाचण्यांनी टाचावा आणि वाळेपर्यंत हलवू नये. असे केल्याने दोन्ही बाह्या सारख्या होतात आणि गुंडाळलेल्या कडा सरळ बसतात. येथे लोकरीची जात ओळखणे अगत्याचे आहे. खरी लोकर आणि सुती दोरा ओलाव्यानेच वळतात. बाजारात लोकर म्हणून मिळणारा बराच माल ॲक्रिलिकचा असतो. तो नुसत्या पाण्याला दाद देत नाही. त्यावर इस्त्री चार बोटे वर धरून वाफ तेवढी द्यावी. इस्त्री टेकली तर कापड कायमचे लुळे पडते आणि ती चूक सुधारता येत नाही. आधी विणलेल्या नमुन्याच्या चौकोनावर हा प्रयोग करून पाहणे शहाणपणाचे.

श्रीपेरुंबुदूरच्या भगिनीला आणखी एक काळजी आहे. तिकडे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत पडतो. म्हणजे नाशिकच्या थंडीसाठी विणावयाचे तेव्हाच हवा दमट. ओले जाकीट दोरीवर टांगले तर आपल्याच भाराने लांबते, आणि घडी करून ठेवले तर कुबट होते. पंचात गुंडाळून पाणी टिपून घ्यावे आणि पंख्याखाली सपाट पसरावे, हाच तेथला मार्ग. तीन दिवस लागले तरी लागू द्यावेत.

‘खांदे, बाह्या, बाजू’ : हा क्रम बदलू नये. खांदे प्रथम जोडले म्हणजे कापड सपाट राहते. बाहीच्या माथ्याचा मध्य खांद्याच्या शिवणीवर टाचून मग दोन्हीकडे शिवत जावे. शेवटी बाहीच्या टोकापासून काखेतून खाली कमरेपर्यंत एकच सलग शिवण घालावी. शिवण विणकामाच्याच लोकरीने आणि सैल हाताने घालावी. आवळून घातलेली शिवण विणीबरोबर ताणली जात नाही, आणि बाळाचा हात बाहीत घालताना तीच तुटते.

‘समान अंतराने’ : नवशिक्याला सर्वांत कोड्यात टाकणारे हेच दोन शब्द. साधा हिशेब असा : उभ्या कडेवर मुक्या खांबाच्या एका ओळीला एक टाका आणि पुऱ्या खांबाच्या एका ओळीला दोन टाके. पुढच्या भागाच्या पुऱ्या खांबाच्या २० ओळी असतील तर कडेवर सुमारे ४० मुके खांब येतील. कोपऱ्यावर एकाच टाक्यात तीन घालावेत. कड लाटेसारखी फुगली तर टाके जास्त झाले, आत ओढली गेली तर कमी पडले. दोन्ही बाजूंचे टाके मोजून सारखे असल्याची खात्री करावी. बटणांच्या जागा काजे तयार झाल्यावर त्यांच्यासमोर टाचणीने खुणा करून ठरवाव्यात.

आता जे सांगावयाचे ते एकाही ओळीत लिहिलेले नसते, तरी तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. तान्ह्या बाळाला काय होते आहे ते सांगता येत नाही. बाहीत, मोज्यात किंवा हातमोज्यात सुटलेला एखादा दोरा इवल्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्त अडते आणि बोट सुजते; बाळ का रडते आहे हे बाहेरून कळतही नाही. म्हणून लहान मुलाचे वस्त्र नेहमी उलटे करून तपासावे आणि आतून बोट फिरवून पाहावे. बोट अडकेल अशी मोठी जाळी हातापायांशी नसावी. गळ्याशी लांब नाडी किंवा फीत लावू नये. बटण जोराने ओढून पाहावे. सुटलेले बटण बाळाच्या तोंडात जावयास वेळ लागत नाही. धुण्यागणिक ही तपासणी पुन्हा करावी, आणि बाळाच्या आईलाही ती सांगून ठेवावी.

हे सर्व करावयास त्या आत्याला फार तर एक आठवडा लागेल. दीड महिन्याच्या विणकामापुढे हा आठवडा मोठा नाही. पण जाकीट पिशवीत राहणार की बाळाच्या अंगावर चढणार, हे त्यावरच ठरेल. आपणही नव्या कामाला हात घालण्यापूर्वी पुस्तकाचे शेवटचे पान आधी उघडा आणि बारशाच्या तारखेपासून मागे मोजत तो आठवडा आजच बाजूला काढून ठेवा. नीट जोडलेले जाकीट एका बाळाचे राहत नाही. ते धुऊन, घडी घालून जपले जाते आणि पुढच्या पाळण्याची वाट पाहते.